लेथच्या पायावरचा नारळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सावळीरामचा लेथ थरथरायला लागला आणि त्याच आठवड्यात त्याने पोराला घराबाहेर काढलं. लेथ हलतो तो नव्या मोटरमुळे, आणि मोटर बसवली पोराने, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. कुसाबाईला पहिल्या दिवसापासून हे पटत नव्हतं. पण बायकोचं ऐकेल तो सावळीराम कसला!

देवळाली कॅम्पच्या बाजारात त्याचं दुकान होतं. पाळण्याचे खांब, लाटणी, लष्करातल्या साहेबांच्या छड्या, सगळं त्या एका छोट्या लाकूडकामाच्या लेथवर उतरायचं. लेथचे पाय बिडाचे, जाडजूड. मशीन चालू असताना वर चहाचा कप ठेवला तरी थेंब सांडत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि त्यात फारशी थाप नव्हती. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला ज्ञानेशने, त्याच्या एकुलत्या एका मुलाने, पहिल्या पगारातून नवी मोटर आणली. पोरगा आयटीआय करून नुकताच कामाला लागला होता. मुहूर्तावर मोटर बसली, हळदकुंकू झालं, झेंडूचा हार चढला आणि रिवाजाप्रमाणे लेथच्या पायावर नारळ फुटला.

दुसऱ्या दिवशी खांब कातायला घेतला तर पटाशी हातात नाचायला लागली. लाकडावर आडव्या लहरी उमटल्या. सावळीरामने लाकूड बदललं, त्याचा मध्य पुन्हा काढला, शेवटी लेथ रिकामाच चालवला. तरी थरथर होतीच.

"आण्णा, पट्टा काढून नुसती मोटर चालवून बघू," ज्ञानेश म्हणाला. "मोटरमध्ये दोष असेल तर ती एकटीसुद्धा हलेल."

"आता तू मला शिकवनार? बावीस वर्सं मशीन हाललं नाय. तुजा हात लागला आन् वाटोळं झालं!" असं म्हणून सावळीरामने दोन गिऱ्हाइकांसमोर बावीस वर्षांच्या पोराच्या थोबाडीत दिली. चार दिवस दोघांचं बोलणं नव्हतं. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "मशीन नासवणारा माझ्या घरात नको." ज्ञानेशने पिशवी भरली आणि औरंगाबादची एसटी धरली.

मग सावळीरामने जुनी मोटर परत बसवली. लेथ तसाच हलत राहिला. इथेच खरं तर त्याने कान धरायला हवे होते. पण नाही. नव्या मोटरने जाता जाता बेरिंगं खाल्ली, असं त्याने ठरवलं. बेरिंगं बदलली. पट्टा बदलला, पुली बदलली, नटबोल्ट आवळले, पायांखाली सिमेंट ओतलं. दरवेळी कुसाबाई चहा घेऊन यायची आणि एकच विचारायची, "मंग पोराला बोलवायचं का?"

"थांब. आदी दोष तं सापडू दे."

होळी गेली, आखाजी गेली. पाळणेवाले दुसरीकडे जायला लागले. सावळीराम रिकाम्या दुकानात बसून लेथकडे बघायचा. आपली अक्कल संपली, हे त्याला आता कळत होतं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

श्रावणात एका सकाळी त्याने लेथ रिकामा चालू केला आणि चारही पायांवर पाळीपाळीने तळहात ठेवला. तीन पाय शांत होते. चौथ्याने हाताला गुदगुल्या केल्या. त्या पायावर कुंकवाची बावीस वर्षांची पुटं होती. त्याने लेथ बंद केला आणि पुटं खरवडली. खाली काही दिसेना. मग त्याला ज्ञानेशची एक करामत आठवली. आयटीआयत असताना पोराने आईच्या बिडाच्या तव्यावर रॉकेल फासलं होतं, पुसलं होतं, वर खडूची पूड चोळली होती, आणि दडलेला तडा ओल्या रेघेसारखा वर आला होता. सावळीरामने तसंच केलं. जरा वेळाने पांढऱ्या पुडीवर रेघ उमटली. बोल्टच्या भोकापासून निघून वीतभर वर गेलेली.

बरोबर तिथेच तो दर दसऱ्याला नारळ फोडायचा. गेल्या दसऱ्याला नारळ दोनदा आपटूनही फुटला नाही. शेजारीपाजारी बघत होते, त्याला ते अपशकुनासारखं लागलं, म्हणून त्याने नारळ पायावर ठेवून घण घातला होता. आणि ज्ञानेश म्हणाला होता, "आण्णा, बिडावर घण नको, ठिसूळ असतं. ओट्यावर फोडा." त्यावर आपण काय बोललो तेही त्याला आठवलं, "देवाच्या कामात तोंड घालू नको."

सावळीराम खालीच बसला. मशीन गेल्याचं दुःख त्याला झालंच नाही. लाज वाटली, इतकी की कुसाबाई आली तेव्हा मान वर होईना.

"सापडलं?"

"पोराचं नवतं काई. माझंच हाय." आणि त्याने तिला सगळं सांगितलं.

ती भांडली नाही. डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "चला. फोन लावा."

वाटेभर सावळीराम एकच वाक्य घोकत होता, बाळा, माझ्या घणानं तडा गेला. एसटीडी बूथमध्ये एकाच माणसाला जागा, म्हणून कुसाबाई बाहेर पायरीवर बसली. ज्ञानेशने आईला पत्रातून कळवलेला नंबर त्याच्या खोलीखालच्या किराणावाल्याचा होता; त्याने ज्ञानेशला हाक मारून आणलं.

"आण्णा? आई बरी आहे ना?"

"बरी हाय. ते मशीनचं..."

"माझंच चुकलं आण्णा," ज्ञानेश घाईघाईने बोलायला लागला. "मी नवी मोटर बसवायलाच नको होती. मी मशीनचं काम सोडलं. आता लॉजवर काउंटरला बसतो. मशीनला हात लावायचीच भीती वाटते, आपण लावला की बिघडणार असं वाटतं. दहा महिने फोन करायचा धीर होत नव्हता. माफ करा आण्णा."

घोकलेलं वाक्य सावळीरामच्या ओठाशी आलं. आता बोलायचं होतं. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते.

"केलं माफ," तो म्हणाला. "झालं गेलं सोडून दे."

पलीकडे पोरगा हुंदके देऊन रडायला लागला. "दसऱ्याला येतो आण्णा. मशीनला लांबूनच नमस्कार करीन. हात नाही लावणार."

सावळीरामने फोन ठेवला आणि बाहेर आला. कुसाबाई उठून उभी राहिली.

"सांगितलं ना त्याला?"

"हो," सावळीराम म्हणाला.

कुसाबाईने तिथेच, बूथच्या पायरीवर, त्याला हात जोडले.