तीनशे छर्र्यांचा ट्रे

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण स्टोअररूममध्ये येणारा जो तो मला उचलतो आणि यात किती कप मावतील याचा अंदाज घेतो. मी भौतिकशास्त्र शिकवणारा ट्रे आहे. म्हणजे, होतो.

माझा जन्म कासारवाडीत, करीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये झाला. करीमभाई मोटारींचे पत्रे ठोकायचे. पिंपरीच्या कॉलेजात एम.एस्सी.ला शिकवणाऱ्या विजयश्री मॅडम एके दिवशी त्यांच्याकडे गेल्या आणि कागदावर माझं चित्र काढून दाखवलं. हातभर लांबरुंद पत्रा, बोटभर उंच कडा आणि खाली थरथरणारी छोटी मोटर. यात भाजायचं काय, असं करीमभाईंनी विचारलं. भाजायचं नाही, छर्रे नाचवायचेत, असं मॅडम म्हणाल्या. करीमभाईंच्या डोक्यात काही शिरलं नाही, पण काम त्यांनी असं चोख केलं की माझ्या अंगावर आजही एक पोचा नाही. छर्रे बेअरिंगचे होते, एका कारखान्याने नापास करून टाकलेले. तिथे नापास झालेले तीनशे छर्रे आमच्याकडे पहिल्या वर्गात पास झाले, अशी चेष्टा मॅडम दरवर्षी न चुकता करायच्या.

तासाला मॅडम आधी माझ्यात एकच छर्रा ठेवायच्या आणि तो कुठे जाईल ते विचारायच्या. मुलं गणित मांडून सांगायची. मग त्या तीनशेच्या तीनशे ओतायच्या आणि म्हणायच्या, आता सांगा. मुलं पेन खाली ठेवायची. त्यातली निम्मी मुलं चाकणला शिफ्ट करून आलेली, डोळे तांबारलेली. मॅडम त्यांना म्हणायच्या, शिफ्ट सुटल्यावर चौकात कोणती दुचाकी कुठून घुसेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण चौक किती वेळ तुंबणार ते तुम्ही सगळे घड्याळ न बघता सांगता. गर्दीलाही नियम असतो, तोच आपण शिकतोय. पेंगणारी पोरं ताठ बसायची.

माझं आवडतं काम शेवटी यायचं. मॅडम छर्र्यांच्या मधोमध मण्यांची एक बारीक साखळी सरळ ताणून ठेवायच्या. मी थरथरू लागलो की छर्रे तिला चारी बाजूंनी ढुशा द्यायचे आणि बघता बघता ती गोळा होऊन बसायची. हिला कोणी गुंडाळलं, असं विचारून मॅडम थांबायच्या. कोणीच नाही. सरळ राहायची तऱ्हा एक आणि गोळा व्हायच्या हजारो, म्हणून ती गोळा होते. आपल्या पेशींतले लांबलचक रेणूही असेच वागतात, हे सांगताना मॅडमचा आवाज हळू व्हायचा. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

माझं बटण दाबायचा मान ज्योतीरामचा. हा पिंपळे गुरवचा जुना रहिवासी. बेअरिंगच्या कंपनीत बावीस वर्षं काढली, ती बंद पडली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला. साखळीचा तास त्याने एकदाही चुकवला नाही. मला तो रोज पुसायचा. छर्रे मात्र मॅडम घरी नेऊन स्वतः स्पिरिटने धुवायच्या. ते कोरडे खडखडीत का लागतात, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, एवढंच.

पुढे मुलं कमी झाली. एम.एस्सी.चा हा विषय बंद करून लगेच नोकरी देणारं काहीतरी सुरू करू, असं कॉलेजात ठरू लागलं. मॅडम खूप भांडल्या. शेवटी एवढं कबूल झालं की एक समिती येईल, त्यांचा एक तास बघेल आणि निर्णय देईल. मॅडमचं आयुष्यभराचं शिकवणं त्या एका तासावर येऊन टेकलं.

मित्रांनो, कंपनीत तपासणीला साहेब यायचे असले की प्रत्येक मशिन पुसून, तेल देऊन लखलखीत करतात. ज्योतीरामच्या हाडात ती सवय मुरलेली. त्या दिवशी तो सकाळी सातलाच आला. एकेक छर्रा फडक्याने पुसला आणि एकेकाला तेलाचा हात दिला. मॅडमचा विषय वाचला पायजे, असं पुटपुटत होता. माझा जीव तिळतिळ तुटत होता. पण ट्रेला कुठे तोंड असतं?

समितीला चहा देता देता मॅडमना उशीर झाला आणि त्या थेट वर्गात आल्या. ज्योतीरामने बटण दाबलं. छर्रे उसळलेच नाहीत. तेलाने एकमेकांना चिकटून कोपऱ्यात ढीग करून बसले आणि साखळी सरळच्या सरळ पडून राहिली. मॅडमनी एक छर्रा उचलला, अंगठ्याने चोळला आणि खाली ठेवला. समितीचे प्रमुख अण्णासाहेब यांनी विचारलं, हे असंच होतं का?

"छर्रे साफ करायचं मी विसरले," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे."

उरलेला तास त्यांनी फळ्यावर घेतला आणि सुंदर घेतला. समिती वह्यांत डोकं घालून बसली होती. विषय बंद झाला.

सगळे गेल्यावर ज्योतीराम माझ्यापाशी आला. त्याने बोटांचा वास घेतला.

"मॅडम, तेल म्या लावलं."

"माहीत आहे, ज्योतीरामभाऊ. हातात घेतला तेव्हाच कळलं."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगून विषय वाचला नसता. तुमची नोकरी तेवढी गेली असती."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. मॅडमही रडल्या. मी त्या दोघांच्या मध्ये टेबलावर पडून होतो, निरुपयोगी.

मॅडम आता पहिल्या वर्षाच्या मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घेतात. मला बघायला त्या या स्टोअररूमकडे एकदाच आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

मित्रांनो, एखाद्या गोष्टीला जपायचं असेल तर कसं जपायचं ते आधी विचारा, आणि ज्याला ते माहीत आहे त्याने दुसऱ्याने विचारायची वाट बघू नये. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. ज्योतीराम दर शनिवारी इथली सगळी फडताळं पुसतो, फक्त माझा कप्पा सोडून. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तुमच्यापैकी कोणी आमच्या कॉलेजात आलं तर ज्योतीरामला एवढं सांगा की तेल कधीच सुकलं, छर्रे गंजायला लागलेत. या आणि एकदा हात लावा, म्हणावं. तेलाचा असला तरी चालेल. आता नाचायचं कुठे आहे?