फलकावरचा चेहरा

दप्तरदारांनी अठरा वर्षांत कुठल्याही अर्जावर 'आढळून येत नाही' असा शेरा मारला नव्हता. मागाल तो कागद काढून देतो, एवढीच त्यांची मिजास, आणि तिनंच त्यांना तोंडघशी पाडलं.

नगरपालिकेनं मोठ्या रस्त्याच्या कडेला, पुलाशी, फलक बसवायचं ठरवलं. दीडशे वर्षांपूर्वी एका पुढाऱ्यानं सभागृहात भांडून भांडून तो पूल मंजूर करून घेतला होता. कोरणाऱ्यानं मजकुराच्या वर गोल जागा सोडली आणि चेहरा मागितला. उद्घाटनाला चार दिवस उरले होते. साहेबांनी विचारलं, "फोटो असेलच ना दप्तरात?" दप्तरदार सवयीनं म्हणाले, "आहे ना."

कसला असतोय! सगळी कपाटं उपसली, नाकातोंडात धूळ गेली, हाती काही लागलं नाही. 'नाही' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून या गृहस्थांनी घरच्या भिंतीवरचे आपले पणजोबा उतरवले. पणजोबा सर्कशीत बिगुल वाजवायचे. फोटोपुरता स्टुडिओतला कोट चढवून असे काही बसले होते, की जणू राज्यच चालवतायत. तेच कोरले गेले. बायको दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर दप्तरदार पूल टाळून लांबच्या वाटेनं कचेरीत येऊ लागले.

दोन वर्षांनी एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत दप्तरखान्यात आल्या. त्या पुढाऱ्याची पणती.

"घर जळलं तेव्हा त्यांचं सगळंच गेलं," त्या म्हणाल्या. "काल फलक पाहिला. तासभर बसले होते तिथं. कपाळ अगदी माझ्या वडिलांचं. मूळ फोटोची प्रत द्याल? घरात लावायचीय."

प्रत देणं अवघड नव्हतं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण कपाळाचं ऐकून दप्तरदारांचे कान तापले. आपण काय करून बसलोय ते त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं, आणि स्वतःची किळस आली. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि बिगुलासकट सगळं सांगितलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या टेबलाकडे बघत राहिल्या.

"मावशी, मी आजच लेखी देतो. चेहरा काढायला लावतो. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे."

"काढा," बाई म्हणाल्या. मग काही तक्रार नसल्यासारख्या बोलल्या, "आई सांगायची, त्यावरून मी लहानपणापासून एक चेहरा मनात धरला होता. खरा नसेल, पण माझा होता. काल तो पुसला आणि हा बसवला. आता जुना आठवून बघतेय, तर तुमचेच पणजोबा समोर येतात."

बाईंनी काठी घेतली आणि बाहेर जायची वाट विचारली.