काचेच्या बाटल्या

“बेचाळीस?” काटाबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि वजनकाट्याकडे असं पाहिलं, जणू तो तोंडावर खोटं बोललाय.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काटाबाईच म्हणत. एकवीस वर्षं त्या उंदरांच्या पिल्लांची गर्भाशयं तोलत होत्या. एखादं रसायन अंगात शिरून बाईच्या संप्रेरकाचं सोंग घेत असेल, तर गर्भाशय फुगतं. पण हे पिल्लू नुसत्या तेलावरचं, रसायनाचा थेंबही न दिलेलं. त्याचं गर्भाशय तीस मिलिग्रॅमच्या आसपास भरायला हवं होतं. तेलाच्या गटातली सगळीच चाळिशीपार निघाली. डब्यांच्या अस्तरासाठीचं नवं फिनॉल पाजलेली चव्वेचाळीस.

साहेब खूश. “दोन गटांत फरक नाही. रसायन निर्दोष. करा सही, बाई.”

“फरक नाही, कारण दोन्ही बिघडलेत! या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून तसंच सोंगाडं रसायन पिल्लांच्या पाण्यात उतरतंय. धुण्याच्या सोड्यात उकळून उकळून कशा धुरकटल्यात, बघा.”

“मागितल्या कोणी?” साहेब गोड हसले. “काच जड होते, मनगट दुखतं, असं मलाच म्हणालात ना? आणि उकळल्या कोणी? तेही लिहायचं का?”

काटाबाईंची कानशिलं तापली. साहेबांचा राग होताच. त्याहून जास्त त्या मेल्या मनगटाचा.

“लिहीन की.”

“अहो, डबे बनवणाऱ्यांना उद्या अहवाल हवाय. तुमच्या निवृत्तीला राहिलेत पाच महिने. कशाला हात पोळून घेता?”

“हात माझे आहेत, पोळू देत. त्या डब्यांत बाळांची दूधपावडर भरणार, साहेब. तुमच्या नातीला कुणी विचारणार नाही, बाई गं, तू कुठल्या गटातली?”

साहेबांचं हसू मावळलं. “मी दुसऱ्या कुणाची सही घेईन.”

“घ्या. वजनं माझ्या अक्षरातली आहेत.”

त्यांनी नोंदवही ओढली. ‘तेलाचा गट शुद्ध नाही. बाटल्या प्लॅस्टिकच्या, मी मागितल्या, मीच सोड्यात उकळल्या. ही वजनं धरू नयेत.’ खाली ठसठशीत सही. पानांवर छापील क्रमांक होते. एखादं फाडलं तर पडलेल्या दातासारखं दिसलं असतं.

साहेब दार आपटून गेले.

काटाबाई अडगळीच्या खोलीत गेल्या. काचेच्या बाटल्यांचे खोके तळाशी होते. पहिली बाटली उचलताच मनगटातून कळ निघाली.

“बोंबल,” त्या मनगटाला म्हणाल्या, आणि दुसरी उचलली.