लंगोटाचं तेज

"आजपासून तुमच्या सुनंनं तालमीपुढून पाण्याला जायाचं न्हाई," दगडोबा वस्ताद उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "वड्यातून जाऊ दे. पोराच्या नजरंला ती पडली न्हाई पायजे."

सिंधू चुलीपुढं भाकरी थापत होती. ओढ्यातून गेलं की विहीर दुप्पट लांब पडायची, आणि विहिरीत तरी काय होतं, तळाचा गाळ. पण सासू कमलम्मा लगेच म्हणाली, "जाईल की. पाय हायेत तिला."

संक्रांत होऊन गेली होती. सलग दुसरं साल कोरडं. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या होत्या की वासराचा पाय अडकावा. करडई वीतभर वाढून जागीच वाळली होती. पण चाकूरजवळच्या त्या गावाला दुष्काळाहून मोठा घोर लागला होता. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि शिवरात्रीच्या जत्रेत शेवटच्या मानाच्या कुस्तीला गावचा मन्मथ उतरणार होता. पाऊस काही आपल्या हातात नाही, कुस्ती तरी आहे, असं जो तो म्हणायचा.

मन्मथ म्हणजे सिंधूचा नवरा. गेल्या वैशाखात त्यांचं लग्न झालं, आणि हळद उतरायच्या आत वस्तादानं त्याचं अंथरूण तालमीत नेलं. पैलवान लंगोटाचा पक्का पाहिजे, बायकोजवळ गेला की मांड्यांतली ताकद फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखी निघून जाते, ही त्याची शिकवण. त्यानं स्वतः लग्नच केलं नव्हतं. त्याला पोरगी दिली कोणी असती, असं बाया पाठीमागं म्हणायच्या.

वस्ताद गेल्यावर कमलम्मानं सुनेला समोर बसवलं. "कुस्ती मारली तर तू या घरची लक्ष्मी. पडली तर म्हायेरचा रस्ता धर. न्यायला कुनी येनार न्हाई."

सिंधूकडं सांगण्यासारखं होतं, पण बाईनं तोंडाबाहेर काढण्यासारखं नव्हतं. दिवाळीनंतर मुरुडला कुस्त्यांचा फड होता. त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सासू रानात गेलेली बघून मन्मथ घरात शिरला होता आणि उन्हं कलल्यावर बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं निलंग्याकडच्या जाडजूड गड्याला पान थुंकावं इतक्या वेळात चीत केलं. गुलालानं माखून मिरवणूक आली तेव्हा वस्ताद छाती काढून सांगत होता, "बगा, ह्याला म्हंत्यात लंगोटाचं तेज." मन्मथनं गर्दीतून तिच्याकडं बघून डोळा मिचकावला आणि तिला पदरात तोंड लपवावं लागलं.

तेव्हा गोठ्यात दुभती म्हैस होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आता म्हशी हाळीच्या गुरांच्या बाजारात विकल्या गेल्या होत्या, उरल्यासुरल्या चारा छावणीला. गावानं पैलवानाचा खुराक वाटून घेतला होता, दर घरानं पाळीनं दुधाचा तांब्या तालमीत पोचवायचा. पाळी चुकवणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. म्हणून कोणी निम्मं पाणी घालायचं, कोणी त्याहून जास्त. कमलम्माच्या पाळीला घरात दुधाचा थेंबही नव्हता. तिनं पाण्यात ज्वारीचं पीठ कालवलं, गूळ विरघळवला आणि तांब्यावर फडकं बांधलं.

"अत्याबाई," सिंधूला राहवलं नाही, "ह्येच्यावर जोर-बैठका कशा निघतील?"

"पांढरं दिसतंय न्हवं? त्याची ताकद तू राखायची हाय, मी न्हाई." एवढं बोलून म्हातारीनं तोंड चुलीकडं फिरवलं आणि बराच वेळ फुंकर घालत बसली. चूल तर केव्हाची पेटलेली होती.

मन्मथला ते कळत नसेल असं नाही. पण कोणाच्या घरचं पाणी किती, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मुकाट्यानं तांब्या तोंडाला लावायचा आणि मातीत उतरायचा.

सिंधूनं बियाण्याला राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडल्या, गुळात लाडू वळले आणि शेजारच्या पंढरीच्या हाती तालमीत धाडले. वस्तादानं कोणी वळले ते विचारलं. बायकोच्या हातचं खाल्लं की मन घराकडं ओढ घेतं, असं सांगून ते इतर पोरांत वाटून टाकले. पोरांनी चांगले होते म्हणून निरोप धाडला.

शिवरात्रीला गावातले झाडून सगळे पुरुष लातूरला गेले. मागं राहिलेल्या बाया ढोल-ताशाची वाट बघत वेशीपाशी बसल्या. उन्हाची तिरीप अंगावरून गेली तरी वाजत काही आलं नाही. आला तो ट्रक, आणि त्यातून माणसं मयतीहून परतल्यासारखी उतरली. पंढरीनं बायांना सांगितलं. मन्मथ सुरुवातीला भारी होता, दोनदा पट काढून समोरच्याला खाली घेतलं. मग त्याचे पाय लटलट कापायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि समोरच्यानं नुसतं ढकललं तसा तो पाठीवर गेला.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. बाया देवळाच्या आडोशाला थांबल्या, त्यांत सिंधू आणि कमलम्मा. वस्तादाचा आवाज बसला होता.

"मन्मथ, खरं सांग. मारुतीपुढं उबा हाईस. बायकूकडं गेलतास का?"

त्यानं नाही म्हणायचं होतं, तेवढंच खरं होतं. संक्रांतीपासून सिंधूनं त्याची सावलीसुद्धा बघितली नव्हती. मन्मथनं मान वर केली. त्याची नजर दूध घालणाऱ्या एकेका माणसावरून फिरली, मग आईवर, त्याच्या अव्वावर, थांबली. कमलम्मा पदराचं टोक चावत होती.

"हाव वस्ताद," तो म्हणाला. "गेलतो. चुकलं माझं."

पारावर सुस्कारा सुटला. पराभवाला कारण मिळालं होतं, आणि ते कोणाच्याही तांब्यात नव्हतं. एकजण तर हसलाही, "नवी नवरी हाय, काय करंल बिचारा." मन्मथची एवढ्यावरच सुटका झाली. आडोशाच्या बाया सिंधूपासून हातभर सरकून उभ्या राहिल्या.

सकाळी तोच तिला एस.टी.ला बसवायला आला. गठुडं त्याच्या डोक्यावर.

"भुकंनं पडलो म्हनलो असतो तर गावाची इज्जत गेली असती," फाट्याशी आल्यावर तो म्हणाला. "अन् अव्वाची."

"अन् माजी?"

त्यानं गठुडं उतरवून खाली ठेवलं आणि गाडी कुठवर आली ते बघायला लागला.

सिंधूचं माहेर नांदेड जिल्ह्यात, मुखेडच्या अंगाला. तिच्याआधी गोष्ट तिथं पोचली होती. भावजय शिवकन्यानं पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी दिलं, जवळ बसली, आणि रोजगार हमीच्या खडीनं सोललेले आपले हात चोळत हळूच विचारलं, "वन्सं, रागावू नका. पर थोडासा धीर निघंना व्हय तुमाला?"

आता इथं दोघीच होत्या. सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे आपल्या पैलवान नवऱ्याला पीठ कालवलेलं पाणी पाजलं, हे सांगायचं. सिंधूनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"न्हाई निगाला, वयनी," ती म्हणाली. "उद्यापासून मला बी खडीवर घेऊन चला."