घरमालकिणीची नजर

तामसी गावच्या सोनाबाईचा आवाज मळ्याच्या या बांधावरून त्या बांधावर सहज पोचायचा. नवरा अमृतराव विहिरीपाशी वाफे भिजवत असला तरी ती ओट्यावरूनच त्याला चहाला बोलवायची आणि चहासोबत दोन शब्दही ऐकवायची. दार खाली घासून राह्यलं, खुरपं सापडत नाही, वांग्यावर फवारा मारायचा राहिला. अमृतराव "व्हय, व्हय" म्हणायचा आणि आपल्या मनाचंच करायचा. वर्षानुवर्षं दोघांचं असं छान चाललं होतं.

एका रविवारी दुपारी तिची सून चंचल टीव्हीला मोबाइल जोडून जुना हिंदी सिनेमा लावून बसली. काळ्या-पांढऱ्या सिनेमांचं तिला वेड. सोनाबाई तुरीच्या शेंगा सोलायला तिथंच टेकली.

"यात रंग काऊन नाई?"

"भेवाचा सिनेमा हाये, आत्याबाई. रंग असता तर एवढं भेव वाटलं नसतं."

"मंग भूत कुठं हाये?"

"भूत दिसतच नाई. सारं भेव डोक्यातलं."

सोनाबाईला हे काही पटलं नाही, पण थोड्याच वेळात तिच्या हातातली शेंग हातातच राहिली. डोंगरावरच्या गावात एक तरुण कारकून भाड्याच्या खोलीत राहायला येतो. रोज त्याला शेजारच्या खोलीतून कुणीतरी गुणगुणताना ऐकू येतं. घरमालकीण, एक उंच विधवा, कंदील घेऊन दारात येते आणि हळूच म्हणते, "बगल में कोई नहीं रहता." बस, एवढंच. पुन्हा विचारलं की नुसती बघते. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, आणि पापणी काही लवत नाही.

"काय बाई हाये," सोनाबाई म्हणाली. "बोलत काई नाई, पन त्या पोराचं पानी पानी करून राह्यली."

"हिरोपेक्षा लोक तिलेच याद ठेवतात," चंचल म्हणाली.

शेवटी कारकून शेजारच्या खोलीचं दार ढकलायला निघाला, त्याचा हात कडीवर पडला आणि लाइट गेली. लाइट परत आली तेव्हा सोनाबाई मळ्यात मिरच्या तोडत होती. डोक्यात मात्र ती घरमालकीणच होती. आपण जन्मभर ओरडलो आणि कुणी ऐकलं नाही. ही बाई कुजबुजते आणि बाप्या माणसाला घाम फुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओट्यावरून हाक मारलीच नाही. कप घेऊन ती विहिरीपर्यंत चालत गेली, अमृतरावच्या मागं उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "चहा."

अमृतराव दचकला. "काय झालं?"

"काई नाई."

आणि ती बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी हलू दिली नाही. अमृतरावनं न फुंकताच चहा प्यायला आणि जीभ भाजून घेतली. दुपारपर्यंत दाराची खालची कड रंध्यानं तासून झाली होती. संध्याकाळी वांग्यावर फवारा पडला. दोन-तीन दिवसांत तो स्वतःचं ताटही घासायला लागला. चंचल पदर तोंडाला लावून आत पळायची.

सोनाबाईला मोठी मजा वाटत होती. मग हळूहळू वाटेनाशी झाली. एरवी जेवताना अमृतराव गावभरच्या गप्पा सांगायचा, बाजारातल्या व्यापाऱ्याला आपण तेलुगूत कसं उत्तर दिलं ते रंगवून सांगायचा. आता तो खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. घरात इतकं शांत असायचं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. एकदा तर आदिलाबादच्या बसमध्ये कुणाची तरी कोंबडी सुटून थेट कंडक्टरच्या बॅगेवर जाऊन बसली. सोनाबाई वाटभर एकटीच हसत आली. पण लोकांना भेववणाऱ्या बाईनं घरी येऊन असलं सांगायचं तरी कसं?

त्याच आठवड्यात तिची लेक पूनम इंद्रवेल्लीहून, आदिलाबादला बस बदलून, ज्येष्ठमधाची पुडी घेऊन दारात उभी राहिली.

"बाबाचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हने, मायचा आवाज गेला, अन् मले वळखत नाई, नुसती पाहात राह्यते."

अमृतराव मागं खांबाला टेकून उभा होता. "माह्या मायचं असंच झालं होतं," तो म्हणाला. "पैले बोलनं गेलं, मंग वळख गेली. मी दार बी नीट केलं, सारं केलं. आता काय राह्यलं ते तरी सांग."

सोनाबाई लगबगीनं त्याच्याजवळ गेली. "अवो, काई झालं नाई मले," ती एकदम आपल्या जुन्या आवाजात बोलली. "मी सिनेमातली बाई झाली होती."

चंचलनं सगळं समजावून सांगितलं. पूनम हसून हसून खाली बसली. अमृतराव मात्र ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसला. मग तिकडूनच म्हणाला, "दाखवा तो सिनेमा. पाहू तर द्या, कोनती बाई हाये."

सगळे टीव्हीसमोर बसले. अमृतराव पहिल्यापासून बोलत होता, कारकुनाला "जाऊ नको तिकडं" असं बजावतही होता. या वेळी लाइट राहिली. कारकुनानं दार उघडलं, तर पलीकडे खोली नव्हतीच, नुसती विटांची भिंत होती. गुणगुणणं त्याच्या वारलेल्या बहिणीचं होतं आणि ते त्याच्या डोक्यातच होतं. घरमालकिणीनं कंदील खाली ठेवला, आपली शाल काढून त्याच्या अंगावर घातली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"अवं," सोनाबाई म्हणाली, "ती त्याले भेववत नव्हती. तिलेच भेव वाटून राह्यलं होतं, या पोराचं काय होईन म्हनून. चंचल, मागचं लाव बरं."

चंचलनं कंदिलाचा प्रसंग पुन्हा लावला. चेहरा तोच, डोळे तेच. पण आता त्यांत माया दिसत होती, आणि पहिल्या वेळी ती कशी दिसली नाही, ते कुणालाच सांगता येईना.

"कसं केलं असंन तिनं हे?" सोनाबाई म्हणाली.

"त्या पोरानं बी काई कमी काम नाई केलं," अमृतराव म्हणाला. "मले तर त्याचंच जास्त आवडलं."

"तुमाले काय समजते. तो तर नुसता घाबरून राह्यला."

"घाबरनं सोपं असते का? मले इचार."

पूनमची परतीची बस केव्हाच गेली होती. तिनं नवऱ्याला फोन करून सकाळी येते म्हणून सांगितलं. मागं आईबापाचा वाद एवढा चढला होता, की तिला अंगणात जाऊन बोलावं लागलं.