प्रश्नाखालचं नाव

माणिकचं नाव त्या कागदावर मी लिहिलं. सांगितलं नवऱ्यानं, पण लिहिलं मी, चांगल्या फाउंटनपेननं, ठळक अक्षरात. तेव्हा राग काढायचा असेल तर आधी माझ्यावर काढा, मग पुढं वाचा.

माझा नवरा, यज्ञेश्वर दफ्तरदार, तेव्हा मध्यभारत विधानसभेत उज्जैनचा आमदार होता. पेशानं वकील. घरात मी त्यांना वकीलसाहेब म्हणायची; त्यांना ते आवडत नसे म्हणूनच म्हणायची. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळं विधानसभेत पाठवायचे सगळे प्रश्न माझ्या हातून सुवाच्य होऊन जात. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून. तेव्हापासून या घरात एक खोड मुरलेली होती. कागद कुठलाही असो, खाली साक्षीदाराचं नाव हवं. नावाशिवायचा कागद ही अफवा, असं माझे सासरे म्हणत. आमच्या लग्नाच्या यादीवर चार साक्षी आहेत, त्यातल्या एकाला डोळ्यांनी दिसतही नव्हतं.

छप्पन साली ऑगस्टात, भर दुपारी, सूर्यप्रभा मिलचा बॉयलर फुटला. माधवनगरात आमच्या मांडणीवरची भांडी खाली आली. नऊ माणसं मेली. तिघं जागच्या जागी गेली, ती सुटली. बाकीची सहा वाफेनं सोलून निघालेली, कातडी लोंबते आहे अशी चालत मिलच्या फाटकापर्यंत आली आणि पाणी मागत तिथं पडली. वकीलसाहेब स्वतः जाऊन पाहून आले आणि न्हाणीघरात शिरून ओकले. मिलनं आठव्या दिवशी दुसरा बॉयलर पेटवला. सरकारी खुलासा आला की बॉयलर मे महिन्यातच तपासून पास झाला होता, चूक मेलेल्या फायरमनची. मेलेला माणूस काय बोलणार?

जिवंत फायरमन बोलला. तो माणिक. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती, पण स्फोट ऐकून आत धावला आणि दोन माणसं ओढून काढताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. हाताला फडकी गुंडाळून, बायको अहल्येला बरोबर घेऊन तो आमच्याकडे आला.

"साहेब, तपासणी झालीच नाही," तो म्हणाला. "बॉयलर आतून बघायचा तर तो थंडा करावा लागतो. तीन दिवस मिल बंद. मालकाला ते परवडतं का? इन्स्पेक्टर आला, ऑफिसात बसून लस्सी पिऊन गेला. भट्टी चालूच होती, मीच कोळसा टाकत होतो. आणि वाफ जास्त झाली की जो व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, त्याच्यावर मॅनेजरनं लोखंडाचं वजन टांगायला लावलं. मी 'नको' म्हटलं, तर जमादारानं कानाखाली वाजवली."

जमादार म्हणजे मिलच्या पहारेकऱ्यांचा मुख्य. आडदांड माणूस, सगळी मिलवस्ती त्याला टरकून असे.

अहल्या त्याच्या हाताचं सुटलेलं फडकं बांधत होती. तिनं एकच विचारलं, "यांचं नाव कुठं येणार तर नाही ना, साहेब?"

"येईल, पण विधानसभेत," वकीलसाहेब म्हणाले. "मंत्र्यांसमोर. तिथं कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

त्यांचा त्यावर खराखुरा विश्वास होता. माझाही होता, आम्ही दोघंही तेवढे मूर्ख होतो. त्याच संध्याकाळी मी प्रश्न लिहिला: बॉयलर न उघडताच तो पास केल्याचं सरकारला माहीत आहे काय, आणि असल्यास इन्स्पेक्टर व मिल यांच्यावर काय कारवाई केली. खाली वकीलसाहेबांनी सांगितलं तसं लिहिलं, 'प्रत्यक्षदर्शी श्री माणिक, फायरमन, मुकाम मिल चाळ, खोली बारा.' खोलीचा नंबरसुद्धा लिहिला हो मी. कागद पुरा व्हायला हवा ना!

प्रश्न ग्वाल्हेरला गेला. विधानसभेच्या कचेरीनं तो उत्तरासाठी खात्याकडे पाठवला. खात्यानं इन्स्पेक्टरकडे पाठवला. इन्स्पेक्टरनं 'वस्तुस्थिती कळवावी' असा शेरा मारून तो जसाच्या तसा मिलकडे पाठवला. कुणी चोरला नाही, कुणी फोडला नाही. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं. याला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी मी टांग्यातून स्टेशनकडून येत होते. मिलचा भोंगा झाला होता, पाळी सुटत होती, फाटकावर दोनशे माणूस असेल. सगळी मागं सरकून उभी होती आणि मधल्या मोकळ्या जागेत माणिक गुडघ्यांवर होता. चौघांनी त्याला धरलं होतं. जमादाराच्या हातात भट्टीतला कोळसा उकरायची सळई होती. त्यानं ती माणिकच्या भाजलेल्या हातावर मारली. फडकी फाटली. माणिक इतका ओरडला की टांग्याचं घोडं बिचकलं.

मग जमादारानं खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचू लागला. "प्रत्यक्षदर्शी श्री माणिक, फायरमन. मुकाम मिल चाळ, खोली बारा." प्रत्येक शब्दाला एक सळई. हातावर, गुडघ्यावर, मग तोंडावर. "बोल, क्या देखा? क्या देखा रे?" माणिकचे दात मातीत पडलेले मला टांग्यातून दिसले. ती वाक्यं माझी होती. स्वल्पविरामसुद्धा माझे होते.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. जमादारानं वर पाहिलं, मला ओळखलं आणि अदबीनं म्हणाला, "बाईसाहेब, आप घर जाइए. धूप बहुत है." आणि माझ्या डोळ्यांदेखत शेवटचा घाव माणिकच्या डोक्यात घातला. टांगेवाल्यानं घाबरून चाबूक ओढला. मी उतरले नाही. उतरता आलं असतं. इतकी वर्षं झाली, पण त्या टांग्यात बसून राहिलेल्या बाईला मी माफ केलेलं नाही.

माणिक इस्पितळात तीन दिवस होता आणि चौथ्या दिवशी गेला. पोलिसांनी लिहिलं, कोळशाच्या ढिगावरून पडला. फाटकावरच्या दोनशे माणसांपैकी कुणीही काहीही पाहिलं नव्हतं. चाळीतली खोली मिलची, ती मिलनं तेराव्याच्या आधीच रिकामी करवली. मी अहल्येला आमच्या घरी घेऊन आले. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होई.

नोव्हेंबरात मध्यभारत संपणार होता. राज्यंच नव्यानं आखली जात होती, आम्ही भोपाळला जोडले जाणार होतो आणि ही विधानसभाच उरणार नव्हती. तिच्यापुढचे सगळे प्रश्न तिच्याबरोबर बाद. शेवटच्या बैठकीला जेमतेम तीन आठवडे होते. वकीलसाहेबांनी नवा प्रश्न सांगायला घेतला: आमदारानं विधानसभेला लिहिलेला कागद मिलच्या जमादाराच्या खिशात कसा गेला, आणि तो वाचून दाखवत माणसाचा खून झाला हे सरकारला माहीत आहे काय?

मी लिहिलं. मग ते थांबले.

"साक्ष?" मी विचारलं.

"राहू दे. 'एक प्रत्यक्षदर्शी' असं लिही."

"मी पाहिलं. माझं नाव लिहिते."

"नको, चारू." ते पटकन म्हणाले. "तुझं नाव नको. तुला कळत नाही, ते लोक..."

दाराशी अहल्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझ्या माणसाचं नाव लिहिताना तुम्हाला हे कळलं नव्हतं, साहेब?"

वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी माझा नवरा रडताना पहिल्यांदा पाहिला, आणि मला त्यांची दया आली नाही. मी लिहिलं, 'प्रत्यक्षदर्शी सौ. चारुलता यज्ञेश्वर दफ्तरदार, मुकाम माधवनगर.' त्यांनी खाली सही केली. कागद पुन्हा त्याच वाटेनं जाणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, मी यावेळी स्वतः ग्वाल्हेरला जातो, सभापतींच्या हातात देतो, कुठंही फिरू देत नाही. त्यांनी दिलाही तसाच. सभापतींनी तो कचेरीकडे दिला आणि कचेरीनं खात्याकडे.

बैठक चालू होती, म्हणून ते ग्वाल्हेरलाच होते. एका सकाळी अकराच्या सुमारास जमादार आमच्या घरी आला. एकटाच आला. एका बाईला दरडावायला माणसं कशाला न्यायची, असं वाटलं असेल. आत येऊन त्यानं कडी लावली आणि टेबलावर कोरा कागद ठेवला.

"लिखिए, मैंने कुछ नहीं देखा. उसी सुंदर अक्षर में."

मी नाही म्हटलं. त्यानं माझे केस धरले आणि मला फरपटत खोलीच्या दाराशी नेलं. माझा उजवा हात चौकटीत दाबून धरला आणि दार लोटलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखलं त्याच्या नंतर.

"अभी बायाँ बाकी है," तो म्हणाला. "बाएँ से लिखना सीख लो."

त्याला घरात दुसरं कुणी आहे हे माहीतच नव्हतं. त्यानं दार पुन्हा उघडलं आणि माझा डावा हात धरला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून अहल्या आली. तिच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता. ती चटणी वाटत होती, वरवंट्याला मिरची लागलेली होती. तिनं दोन्ही हातांनी तो उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं आणि ही कोण हेसुद्धा त्याला कळलं नाही. मग तिनं दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, आणि तो पालथा पडल्यावरही मारत राहिली. मी तिला थांबवलं नाही. थांबवावंसं वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं वरवंटा खाली ठेवला. जमादार मेला होता. "बाई, मी ठाण्यात जाते," ती म्हणाली. "तुम्ही खरं तेच सांगा."

"तू वरवंटा धू," मी म्हटलं. "आणि मागचं दार उघडं टाक."

तारेनं कळवल्यावर वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी आले. थानेदार माझी जबानी घ्यायला घरीच आला होता. आतल्या खोलीत मी अंथरुणावर बसले होते, हाताला फळी बांधलेली. शेजारी अहल्या. वकीलसाहेबांनी माझा हात पाहिला, मग अहल्येकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे. वकील माणूस. त्यांना विचारावं काहीच लागलं नाही.

"तो आप कहती हैं, पीछे के दरवाज़े से कोई आया," थानेदार म्हणाला. "इतने पास से मारा. आपने शकल नहीं देखी?"

"नहीं देखी."

"आदमी था कि औरत?"

"मी बेशुद्ध होते," मी मराठीतच म्हटलं. मग हिंदीत सांगितलं.

थानेदारानं पेन थांबवलं. त्याचा विश्वास बसला नव्हता. तो वकीलसाहेबांकडे वळला. "आमदारसाहब, आप तो कानून जानते हैं. नीचे गवाह किसको लिखूँ?"

वकीलसाहेबांनी पुन्हा अहल्येकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे नाव घेणार. कागद पुरा करणार. अहल्येनं माझा मोडलेला हात धरला होता. ती इतकी दाबत होती की बोटांतून कळा डोक्यात जात होत्या.

"गवाह कोई नहीं," ते म्हणाले. "मारने वाला अज्ञात. लिखिए."

थानेदार लिहू लागला. अहल्येची पकड सैल झाली नाही, आणि मीही हात सोडवून घेतला नाही.