चढाखालचा बांध

मित्रांनो, माझं वय विचारू नका, ते मलाच ठाऊक नाही. मी मातीचा एक जुना, लांबलचक बांध आहे. तुमचा वाढदिवस तुम्हाला घरच्यांनी सांगितला. मला सांगायला घरचं कोणी उरलंच नाही.

कोणी म्हणे मला पूर अडवायला बांधलं, कोणी म्हणे शत्रूला, तर कोणी म्हणे गुरांना. एक मास्तर तर भडकून म्हणाले, "अहो, साधी टेकडी आहे ही!" या भांडणांनी माझी छान करमणूक झाली. मला आठवतात ती फक्त माती दाबत जाणारी असंख्य अनवाणी पावलं.

पुढे शहर वाढलं. माझ्या पाठीवर दुकानं आली, दवाखाना आला, छापखाना आला. मी दिसेनासा झालो. सायकलवाले मात्र तिथे धापा टाकत आणि चढाच्या नावाने बोटं मोडत. तो चढ म्हणजे मी! मला फार वाईट वाटायचं.

यंदा छापखाना पाडून तिथे तळघर खणायला घेतलं. कंत्राटदाराने कागदावर मला 'जुना भराव' ठरवलं. भराव म्हणजे उचलून फेकायची माती! माझा अखंड तुकडा छापखान्याखालचा तेवढाच उरला होता.

माती तपासायला पुरातत्त्व खात्याकडून कंत्राटदाराची धाकटी बहीणच आली. तिने खड्ड्याची बाजू थापीने तासली, वर पाणी शिंपडलं. काळे, तांबडे, पिवळे डाग उमटले.

"दादा, हा भराव नाही."

"भरावच आहे गं. छापखान्याच्या वेळचा."

"मग विटेचा एक तरी तुकडा दाखव. काच दाखव. आणि हे डाग बघ. एकेक डाग म्हणजे कोणीतरी ओतलेली एकेक टोपली."

दादाने नाक मुरडलं. पण याला किती मजूर लागले असतील, याचा अंदाज घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना. एका डागाएवढी माती त्याने घमेल्यात भरली, डोक्यावर घेतली आणि वर नेऊन ओतली. मान चोळत तो खाली आला आणि डाग मोजू लागला. दोनशेवर गेल्यावर त्याने मोजणं सोडलं.

"यंत्राशिवाय? अगं, एवढी माणसं आली कुठून? त्यांना जेवायला कोणी घातलं?"

मीही थक्क झालो. एवढी सगळी माझी माणसं, आणि इतकी वर्षं मी स्वतःला एकटा समजत होतो!

"अहवालात 'जुना बांध' लिहिते आणि 'कोणी बांधला' हा रकाना कोरा ठेवते," बहीण म्हणाली.

"मग चौकशी लागेल, काम थांबेल. जागेचा मालक मला काढून टाकेल."

"मग भराव लिहू?"

दादाने घमेलं उचलून बाजूला ठेवलं. "नको. कोराच ठेव."

यंत्रं परत गेली. दादाचं ते काम खरंच गेलं. त्याने माझ्यासाठी हातचं काम सोडलं, आणि मी कोणाचा हे मला त्याला सांगतासुद्धा आलं नाही. मित्रांनो, खणण्याआधी एकदा तरी विचारा, ही माती इथे कोणी आणली? उत्तर मिळालं नाही, तर फावडं बाजूला ठेवा.